आयडीसीच्या मुलांचं देणं

माझी पदवी संगणकशास्त्राची आहे. त्या शास्त्राचा माणसाला नेमका उपयोग कसा होतो, हे मात्र मला चित्रकलेच्या आणि डिझाइनच्या मुलांनी शिकवलं. माझ्या एम.टेक.च्या प्रबंधातल्या ऋणनिर्देशात गाइडचं नाव आहे, लॅबमधल्या सोबत्यांची नावं आहेत. या मुलांची नाहीत. आपण त्यांच्याकडून काही घेतो आहोत, हेच तेव्हा मला कळत नव्हतं. ते उशिरा कळलं, आणि सोलापुरात परत आल्यावर जास्त कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी २००८ साली आयआयटी मुंबईत गेले. पवईची ही संस्था १९५८ची, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली. विज्ञान आणि अभियांत्रिकीचं ठिकाण म्हणूनच ती आम्हाला माहीत. तिच्याच आवारात १९६९पासून इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आहे, सगळे त्याला आयडीसी म्हणतात, हे मला तिथे पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. हॉस्टेल टेनमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत नागपूरची एक मुलगी राहायची. तिनं तिकडच्या चित्रकला महाविद्यालयातून बीएफए केलं होतं आणि आता आयडीसीत एम.डेस. करत होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "तुम्हाला इथे यायला परीक्षा असते का?"

ती रागावली नाही. तिनं मला सीड ही प्रवेशपरीक्षा कशी असते ते समजावलं. ती म्हणाली, "एखादी वस्तू रोज वापरणाऱ्याला ती कुठे त्रास देते, हे तुला दिसतं का, ते तपासतात. चित्र हे ते सांगायचं साधन." मला ते वाक्य त्या दिवशी नीटसं कळलं नाही, पण लक्षात राहिलं.

माझ्या प्रश्नामागे माझं वाढणं होतं. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास असायचा, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जायचा. वर्गातली काही मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायची. मी दिल्या नाहीत, कारण मी 'हुशार' होते आणि हुशार मुलांनी स्कॉलरशिपला बसायचं असं ठरलेलं होतं. आणि हे त्या घरातल्या मुलीचं, जिच्या वडिलांचं पोट चित्रावर चालत होतं.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. जकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर ती आधी चौकोनी घरांच्या मोठ्या कागदावर उतरवावी लागते. कुठलं घर भरायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं हे ठरवावं लागतं. मग तो ग्राफ ओळीओळीनं वाचून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डं ओवून त्यांची माळ मागावर चढवतात, आणि भोक आहे की नाही यावर कुठली तार वर उचलायची हे मागाला कळतं. अण्णा कधी काम घरी आणायचे. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत ते जमिनीवर कागद पसरून बारीक ब्रशानं लाल रंगाची घरं भरत बसायचे, आणि मी पलीकडे अभ्यास करत असायचे. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' एवढंच लिहीत आले. लाज वाटत होती असं नाही. त्याहून वेगळं काही लिहिण्यासारखं आहे, हे सुचलंच नाही.

नागपूरच्या मैत्रिणीचं त्या वेळचं काम गोळ्यांच्या पाकिटांवरच्या चित्रांचं होतं. वाचता न येणाऱ्या माणसाला औषध केव्हा घ्यायचं हे चित्रातून कळावं, असा विषय. तिनं उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रं काढली होती. फार देखणी होती ती. मग ती पालघरकडच्या एका पाड्यावर गेली आणि बायकांपुढे ती मांडली. परत आल्यावर मी विचारलं, तर ती म्हणाली, "उगवता आणि मावळता सूर्य कागदावर सारखाच दिसतो. एका आजीनं मला विचारलं, हा येतोय का जातोय?" ती सगळी चित्रं तिनं बाजूला ठेवली आणि नव्यानं सुरुवात केली. आता सूर्याच्या जागी माणसं आली: पाणी भरणारी बाई, ताटावर बसलेली बाई, अंथरूण घालणारी बाई. तीही घेऊन ती पुन्हा पाड्यावर गेली. तिथल्या बायका जे सांगतील ते लिहून आणायची, रात्री दुरुस्त करायची आणि परत जायची.

माझ्या लॅबमध्ये आम्ही संगणकाला भारतीय भाषा कळाव्यात म्हणून खपत होतो. मराठी वाक्य यंत्राला फोडता यावं, शब्दांची रूपं ओळखता यावीत, असं काम. आमचं मोजमाप टक्क्यांत असायचं: किती शब्द बरोबर ओळखले, किती चुकले. हे काम वापरणार कोण, तो बसतो कुठे, त्याच्या हातात काय असतं, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाड्यावरची ती आजी माझ्या डोक्यातून जाईना. मैत्रिणीनं मला उपदेश कधीच केला नाही. ती फक्त शेजारच्या खोलीत काम करत राहिली, आणि मी ते पाहत राहिले.

तिच्यामुळे मी आयडीसीत जायला लागले. आमच्या विभागात संगणकांची घरघर असायची, इथे लाकडाचा भुसा आणि धातू कापल्याचा वास. तिथे कोल्हापूरचा एक मुलगा भेटला. जीडी आर्ट करून आलेला, अक्षरांवर काम करणारा. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटत गेलं. मुलगा आयआयटीत लागला म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले, आणि महिन्याभरानं वडिलांनी फोनवर विचारलं, "तिथं जाऊन पण अक्षरंच काढणार व्हय?" हे तो मला सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्याला त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायचं होतं.

आयडीसी विज्ञानाच्या आवारात का काढली, हे मला त्यानंच सांगितलं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला डिझाइनच्या शिक्षणाविषयी अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं भरभरून कौतुक होतं. १९६१मध्ये अहमदाबादला एनआयडी निघाली. त्यानंतर आठ वर्षांनी पवईत आयडीसी उभी राहिली, ती घडवणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णी होते. जे.जे.त शिकून ते पुढे जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेले होते. यंत्र बनवणारा आणि यंत्राला माणसाच्या हाताजोगं करणारा एकाच आवारात शिकले पाहिजेत, अशी त्यामागची धारणा. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही नाडकर्णींनीच उभा केला. आणि आम्ही दोन्ही बाजूंची मुलं एकाच रस्त्यानं मेसला जात होतो, एकमेकांशी काही न बोलता.

हा मुलगा र. कृ. जोशींना फार मानायचा. आर. के. जोशी त्याच वर्षी, २००८च्या फेब्रुवारीत गेले होते. मी त्यांना पाहिलंही नाही. जाहिरातीच्या क्षेत्रात नाव कमावलेले, कवी, सुलेखनकार. १९८३पासून १९९६पर्यंत त्यांनी आयडीसीत शिकवलं. विंडोज संगणकावर मराठी टाइप केलं की जो मंगल फॉन्ट दिसायचा, तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला. तेलुगूचा गौतमी आणि कन्नडचा तुंगाही. मी मंगलमध्ये काम करत होते. ती अक्षरं कुणीतरी काढली आहेत, कुणाच्या तरी हातांनी त्यांची वळणं ठरवली आहेत, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

एकदा मी त्याला माझं काम दाखवत होते. माझ्यासाठी 'ळ' म्हणजे यूनिकोडमधला ०९३३ हा क्रमांक. त्यानं तो क्रमांक वाचला आणि विचारलं, "आणि तो दिसतो कसा?" मग त्यानं आपला मोबाइल काढला. त्या दिवसांत बऱ्याच मोबाइलवर मराठी संदेश आला तर नुसते चौकोन दिसत, नाहीतर वेलांटी भलत्याच जागी पडे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र कुठल्या कुठे जाई. मराठी ल आणि श हिंदी वळणाचे दिसत, आणि आम्ही ते निमूट वाचत असू. तो म्हणाला, "तुझ्या यंत्राला मराठी कळली, पण माझ्या आईला त्यावर वाचताच आलं नाही, तर कळून उपयोग काय?" त्याचा अंतिम वर्षाचा प्रकल्प याच गोष्टीचा होता: मोबाइलच्या लहान पडद्यावर देवनागरी स्वच्छ कशी दिसेल. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. दहा-बारा ठिपक्यांच्या उंचीत मात्रा, शिरोरेषा, जोडाक्षर आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं. कुठला ठिपका भरायचा, कुठला सोडायचा, याचा निर्णय अक्षरागणिक घ्यावा लागतो. तो तासन्‌तास एका 'द्ध'पाशी बसलेला मी पाहिला आहे.

२००९च्या मे महिन्यात तो आणि नागपूरची मैत्रीण सोलापूरला आले. त्याला पाट्या बघायच्या होत्या. मी त्याला म्हटलं होतं की आमच्या गावात बघण्यासारखं सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला, पाट्यांत काय आहे? पण मग त्या उन्हात त्यांच्याबरोबर मी माझंच गाव हिंडले. नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली, विजापूर वेस, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक. पूर्व भागात मराठीखाली तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू, मधूनच कन्नड. तो एका जुन्या रंगवलेल्या पाटीपुढे बराच वेळ उभा राहिला. मराठी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, तेलुगू अक्षरं गोल आणि आपापली सुटी. दोन्ही ओळी एकाच वजनाच्या दिसाव्यात म्हणून रंगवणाऱ्यानं तेलुगूचा ब्रश किंचित जाड घेतला होता. मी त्या पाटीखालून शाळेला जात होते. तो ज्या गोष्टीचा अभ्यास करत होता, ती कुणीतरी शिडीवर उभं राहून, रंगाच्या डब्यांतून, दुपारच्या जेवणाआधी उरकली होती.

संध्याकाळी घरी आलो. अण्णा कारखान्यातून नुकतेच आले होते, भिंतीशी गुंडाळलेला ग्राफ ठेवला होता. "बसा की," म्हणाले. मुलानं परवानगी मागून तो ग्राफ उलगडला आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, ही घरं चौरस का नाहीत? उभट का आहेत?"

तो कागद मी लहानपणापासून पाहत होते. त्याची घरं उभट आहेत हे मला दिसलं नव्हतं.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागद नीट पसरला. ताण्याच्या तारा एका इंचात जास्त असतात, बाण्याच्या कमी; म्हणून कापडावरचं एकेक घर उभट पडतं. कागदही तसाच उभट घ्यावा लागतो. "साध्या चौकोनी कागदावर गोल फूल काढलं, तर मागावर ते लांबडं होतंय. गोल गोल राहत नसतंय." मग वळणाची गोष्ट निघाली. घरांच्या कागदावर वळण म्हणजे पायऱ्याच. त्या एक-दोन-तीन अशा क्रमानं वाढल्या तर डोळ्याला वळण दिसतं. मध्येच एक पायरी वेडीवाकडी पडली की तिथेच नजर अडकते. जकार्डला हूक ठरलेले असतात, त्यापेक्षा रुंद नक्षी बसत नाही, म्हणून मोराचा पिसारा अर्धाच काढायचा आणि दुसरा अर्धा उलटा घ्यायचा. चादरीत एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट रंगात उतरते, तेव्हा काढतानाच दोन्ही बाजूंचा विचार करायचा. आणि ज्या कापडात तार वरून लांब धावते तिथे मध्येमध्ये तिला टाके देऊन बांधायचं. "न्हाई तर बाईच्या बांगडीत अडकतंय."

कोल्हापूरच्या मुलानं पिशवीतून वही काढली. तिच्यात मोठ्या करून काढलेल्या ठिपक्यांच्या जाळीत अक्षरं भरलेली होती. ती त्यानं ग्राफशेजारी ठेवली. अण्णांनी चष्मा लावला, 'ळ'च्या दोन गाठी पाहिल्या आणि एका ठिकाणी बोट ठेवलं: "हितं पायरी मोठी झाली." मुलगा म्हणाला, "हो काका, हेच मला आठवडाभर सुटत नव्हतं." दोघं मग त्या एका वळणावर बसले. नागपूरची मैत्रीण शेजारी बसून अण्णा काय म्हणतात ते शब्दन्‌शब्द लिहून घेत होती. तिला त्याचा प्रकल्पात काही उपयोग नव्हता. जाणणारा माणूस बोलतो तेव्हा लिहून घ्यायचं असतं, ही तिची सवय.

मी चहा करत होते. संगणकाच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या पानांवरच जकार्ड असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोझेफ मारी जकार्डचा माग, त्याची भोकांची कार्डं. तीच कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या यंत्रासाठी घेतली. १८९०च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. मी हे परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. तो जकार्ड आणि अण्णांच्या कारखान्यातला जकार्ड एकच, हे त्या संध्याकाळपर्यंत माझ्या मनात एकत्र आलं नव्हतं. ज्या विषयाची पदवी मी घेत होते, त्याचं मूळ आमच्या घरात लाल रंगानं भरलं जात होतं, आणि ते मला दाखवायला दोन चित्रकारांना पवईहून यावं लागलं.

रात्री अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात जुने ग्राफ होते, काही त्यांचे, काही त्यांच्या उस्तादांचे. काहींच्या पाठीवर कार्ड पाडणाऱ्यानं तेलुगूत टिपणं केली होती. अण्णा मराठीच, पण कारखान्यात राहून तेलुगू शिकलेले. ते वाचून सांगत गेले. ही पेटी घरात होती हे मला माहीत होतं. तिच्यात काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

परतल्यावर माझं काम बदललं. प्रबंधाचा विषय तोच राहिला, पण मी लॅबबाहेर जाऊन माणसांना विचारायला लागले: संदेश कोण कुणाला पाठवतं, रोमन लिपीत मराठी का लिहितात, कुठल्या शब्दाशी अडतात. गाइडनी ते प्रकरण प्रबंधात ठेवू दिलं. त्याची पद्धत मी नागपूरच्या मैत्रिणीकडून उचलली होती.

२०१०चा उन्हाळा आयडीसीच्या त्या मुलांचा शेवटचा. शेवटचा प्रकल्प, ज्युरी, मग प्रदर्शन. ज्युरीच्या आधीच्या रात्री आयडीसीतले दिवे विझत नसत. आमच्या विभागातल्या मुलांच्या नोकऱ्या केव्हाच ठरलेल्या असत, आणि काय काम करणार हे घरच्यांना एका वाक्यात सांगता येई. या मुलांना ते सांगता येत नव्हतं. 'आयआयटीतून पास झाला, म्हणजे इंजिनिअर ना?' या प्रश्नाला उत्तर देऊन ती थकली होती. त्यातली काही सॉफ्टवेअर कंपन्यांत पडद्यांची मांडणी करायला गेली. नागपूरच्या मैत्रिणीनं कमी पगाराचं काम घेतलं, आरोग्याचं, गावोगाव फिरण्याचं. मी तिला विचारलं, घरचे काय म्हणाले. ती म्हणाली, "बाबा म्हणाले, चित्रं काढून लोकांचं औषध चुकत नसेल, तर चांगलं आहे."

प्रदर्शनाला कोल्हापूरहून त्या मुलाचे आई-वडील आले. भिंतीवर त्याची अक्षरं छापून लावली होती: लहान पडद्यावर दिसतात तशी, आणि शेजारी हातभर मोठी केलेली. आयआयटीतले प्राध्यापक येत होते, प्रश्न विचारत होते. वडील काही न बोलता एकेक अक्षर बघत पुढे सरकत होते. मोठ्या केलेल्या 'ह'पाशी थांबले. खालच्या वळणावरून बोट फिरवलं आणि मुलाला म्हणाले, "हितं ब्रश उचलल्यागत दिसतंय. उचलायचा न्हवता." ज्युरीत हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलानं तिथेच वही काढून ते टिपून घेतलं. मला वाटतं, फोनवर विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर दोघांना तेव्हा मिळालं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

त्याच वर्षी १५ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळानं रुपयाचं चिन्ह निवडलं. ते काढणारे डी. उदयकुमार आयडीसीचेच, मद्रासकडे वास्तुशास्त्र शिकून आलेले, इथे एम.डेस. आणि मग पीएच.डी., तमिळ अक्षरांचे अभ्यासक. देवनागरी र आणि रोमन आर यांच्यातून काढलेलं, वर शिरोरेषा असलेलं ते चिन्ह दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. त्या दिवसांत आवारात आयडीसीची मुलं जरा ताठ चालत असत, आणि तो त्यांचा हक्क होता. मला त्यातून आणखी एक गोष्ट कळली. चिन्ह कागदावर काढून भागत नाही. त्याला यूनिकोडमध्ये क्रमांक लागतो, तो त्याच ऑक्टोबरात ६.० आवृत्तीत मिळाला. मग फॉन्टमध्ये ते काढावं लागतं, कळफलकावर जागा द्यावी लागते, तेव्हा कुठे सोलापुरातल्या दुकानदाराच्या बिलावर ते उमटतं. चित्रकार आणि आमच्यासारखे, दोघांच्या हातांखालून गेल्याशिवाय ते माणसापर्यंत पोहोचत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

दीक्षान्त समारंभात आम्हाला एकाच मंडपात पदव्या मिळाल्या. एम.डेस.ची नावं पुकारली तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. पण त्या मुलांपाशी जाऊन 'तुमच्यामुळे माझं इतकं इतकं झालं' असं काही म्हटलं नाही. तेव्हा त्यासाठी शब्दही नव्हते, आणि सगळ्यांना सामान बांधायची घाई होती.

पुण्यात काही वर्षं नोकरी करून मी सोलापूरला परत आले. आता इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मधल्या काळात गाव बदललं. चादरीचे माग कमी झाले, टॉवेलचे वाढले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या सोलापुरी चादरीच्या नावावर पानिपतकडची चादर बाजारात विकली जाते. मोठ्या कारखान्यांत संगणकावर चालणारे जकार्ड आले, नक्षी पडद्यावर काढली जाते. लहान कारखान्यांत अजून कार्डं फिरतात. ग्राफ काढणारे हात मात्र उतारवयाला लागले, आणि त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला याची खरी काळजी वाटते. माग मोडला तर भंगारात तरी जातो, त्याचे पैसे येतात. पायरी कशी पाडायची हे ज्ञान गेलं, तर ते गेल्याचंही कुणाला कळणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन मी जुने ग्राफ स्कॅन करण्याचं काम सुरू केलं. सुरुवात अण्णांच्या पेटीपासून. स्कॅन केलेल्या कागदावरची लाल घरं ओळखून त्यांची नोंद करणारा एक लहानसा प्रोग्रॅम आम्ही बनवला आहे. त्यात तांत्रिकदृष्ट्या मोठं काही नाही. पण विद्यार्थ्यांना माझी पहिली अट अशी असते की आधी साखर पेठेत जाऊन ग्राफ काढणाऱ्याशेजारी बसायचं, तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं, आणि मगच कळफलकाला हात लावायचा. पहिल्यांदा मुलं कुरकुरतात. मग एखादी मुलगी परत येऊन सांगते, "मॅडम, ते म्हणतात पडद्यावर घर काळं दाखवू नका, लाल दाखवा. काळं बघून त्यांना ओळ वाचता येत नाही." तेव्हा मला नागपूरची मैत्रीण आठवते. ग्राफच्या पाठीवरची तेलुगू टिपणंही आम्ही नोंदवतो. पडद्यावर ती ज्या अक्षरांत उमटतात, त्यांच्यामागे आर. के. जोशींचा हात आहे हे आता मला माहीत असतं, आणि मुलांनाही मी ते सांगते.

गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतल्या दोन-तीन मुलांनी सीडची चौकशी केली. एकीचे वडील माझ्याकडे आले होते, यंत्रमाग कामगार. पोरीला चित्रात पुढे जायचंय, आयआयटीत त्याचं काही असतं म्हणे, खरं का, असं विचारत होते. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं, आणि उरलेल्यासाठी कोल्हापूरच्या मित्राला फोन लावून दिला. तो त्यांच्याशी तासभर बोलला.

तो आता स्वतःच्या छोट्या स्टुडिओत अक्षरं करतो. वडिलांनी सुचवलेला 'ह' त्यानं तसाच ठेवला आहे. या दिवाळीत तो सोलापूरला येणार आहे, आमच्या नोंदींसाठी मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी कसं मांडायचं ते ठरवायला. अण्णांनी कारखाना सोडून बरीच वर्षं झाली, नजर कमी झाली आहे, पण त्यांनी त्याच्यासाठी पेटीतून तीन ग्राफ काढून वेगळे ठेवलेत. त्यातल्या एकात एक पायरी चुकलेली आहे म्हणतात. कुठल्यात ते मलाही सांगत नाहीत. त्याला सापडते का ते त्यांना बघायचंय.